फळ्यावर काय लिहिलंय, दिसतंय का?

चष्मा लावूनही पुरतं दिसत नाही, पण पूर्ण अंधारही नाही. अशी मुलं आपल्या शेजारीच असतात, फक्त आपल्याला ती ‘दिसत’ नाहीत. नातेपुत्यासारख्या गावातल्या कॉलेजकुमारांच्या हातात त्यांच्यासाठी करण्यासारखं बरंच काही आहे. तेही फारसा खर्च न करता.

दोस्तहो, जरा शाळेतला वर्ग आठवा. पहिली ते दहावीच्या प्रवासात कधी ना कधी असा एक जण तुमच्या वर्गात होताच. वही नाकाला टेकवून लिहिणारा. फळ्यावरचं उतरवून घ्यायच्या वेळी शेजाऱ्याच्या वहीत डोकावणारा. मग सर म्हणायचे, ‘कॉपी करतोस काय रे?’ पोरं म्हणायची ‘ढापण्या’, ‘सोडावॉटर’. क्रिकेटच्या टीममध्ये त्याला कुणी घ्यायचं नाही, कारण कॅच सुटायचे. मैदान झाडावं तर त्यानं, स्कोअर मोजावा तर त्यानं.

तो पुढं काय करतो, माहितीये? नसेल माहिती, तर तेही साहजिकच आहे. कारण अशी मुलं गोंगाट करत शाळा सोडत नाहीत. ती हळूहळू मागच्या बाकावर जातात, मग ‘अभ्यासात लक्ष नाही’ या शेऱ्यात जातात, मग शेतात, दुकानात, नाहीतर घरात जातात. मुलगी असेल तर गोष्ट अजून अवघड. ‘चष्मा लावू नकोस, स्थळं यायची नाहीत’ असं सांगणारी घरं आजही आहेत.

या मुलांच्या स्थितीला नाव आहे. अल्पदृष्टी. इंग्रजीतला ‘लो व्हिजन’ हा शब्दही आता सगळीकडं चालतो.

ना आंधळा, ना डोळस

आधी एक गैरसमज दूर करू. नंबर लागणं म्हणजे अल्पदृष्टी नव्हे. ज्याला लांबचं धूसर दिसतं आणि चष्मा लावला की स्वच्छ दिसतं, त्याला फक्त चष्म्याची गरज आहे. अल्पदृष्टी म्हणजे योग्य चष्मा लावून, औषधोपचार करून, लागलं तर ऑपरेशन करूनही जी नजर कमीच राहते ती.

२०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यानं याची व्याख्या आकड्यांत दिली आहे. चांगल्या डोळ्यानं, चष्मा लावून, ६/१८ पेक्षा कमी आणि ३/६० पर्यंत दिसत असेल, तर ती अल्पदृष्टी. हे आकडे कसे वाचायचे? सोपं आहे. ६/६० म्हणजे जे अक्षर तुम्हाला साठ मीटरवरून ओळखता येतं, ते ओळखायला त्या मुलाला सहा मीटरपर्यंत जवळ यावं लागतं. एसटी स्टँडवर लांबून गाडी येताना दिसली की तुम्ही बोर्ड वाचून ‘अकलूज’ की ‘फलटण’ ते ठरवता आणि पळता. त्याला गाडी समोर येऊन थांबल्यावर, दरवाज्यापाशी जाऊन कंडक्टरला विचारावं लागतं. तोवर जागा गेलेली असते.

व्याख्येचा दुसरा भाग आहे नजरेच्या आवाक्याचा. हात समोर ताठ करून मूठ आवळा. ती मूठ तुमच्या नजरेत साधारण दहा अंशांची जागा व्यापते. ज्याच्या नजरेचा आवाका चाळीस अंशांपेक्षा कमी, म्हणजे अशा चार मुठींहून कमी आहे, तोही अल्पदृष्टी. अशा मुलाला फळ्यावरचं बारीक अक्षर कदाचित वाचता येईल, पण पायाशी पडलेलं दप्तर दिसणार नाही. मग आपण म्हणतो, ‘फळा दिसतो, दप्तर दिसत नाही? नाटकं करतोय!’ तो नाटक करत नाही. त्याला खरंच नळीतून बघितल्यासारखं दिसतं. वहीची गुंडाळी करून एका डोळ्याला लावा, दुसरा मिटा आणि घरातल्या घरात दहा पावलं चालून बघा. कळेल.

धूसर नजरेचा अनुभव तर तुमच्याकडं आहेच. चरे पडलेल्या काचेचं हेल्मेट घालून, संध्याकाळी समोरच्या गाडीचा अप्पर डोळ्यावर घेत बाइक चालवलीये ना? रस्ता आहे, हे कळतं. खड्डा कुठाय, ते कळत नाही. काही मुलांचा पूर्ण दिवस तसाच जातो.

कारणं वेगवेगळी असतात. जन्मजात मोतीबिंदू, काचबिंदू, डोळ्यांची अपुरी वाढ, पडद्याचे आजार, फार मोठा मायनस नंबर. अंगात रंगद्रव्यच कमी असलेल्या मुलांना, ज्यांचे केस आणि कातडी पांढरट असते, उन्हात डोळे उघडणंही जड जातं. काहींना आधी रातांधळेपणा येतो आणि मग वर्षागणिक नजरेचा आवाका आवळत जातो. यातले काही आजार आनुवंशिक आहेत आणि जवळच्या नात्यात लग्न झालेल्या घरांत त्यांची शक्यता वाढते. आपल्याकडं मामाची मुलगी, आत्याचा मुलगा अशी सोयरीक काही नवी नाही. कुणाला दोष द्यायला नाही, पण पुढच्या पिढीच्या तुम्हाला हे माहीत असायला हवं.

‘डोळ्यांना ताण नको’ हा जुना गैरसमज

घरची माणसं मायेनं काय म्हणतात? ‘पुस्तक लांब धर, डोळे जातील.’ ‘टीव्हीजवळ बसू नको.’ ‘राहू दे वाचायचं, आधीच नजर अधू आहे.’

गंमत म्हणजे शंभर वर्षांपूर्वी जगातले शहाणेसुरतेही असंच मानत होते. १९०८ मध्ये लंडनला अधू नजरेच्या मुलांसाठी खास शाळा निघाली, आणि तिथं मुलांचं वाचन होईल तेवढं कमी ठेवायचं, असंच धोरण होतं. उरलेली नजर तिजोरीतल्या पैशासारखी जपून ठेवावी, ही त्यामागची समजूत. १९६४ मध्ये अमेरिकेतल्या नॅटली बरागा या शिक्षिकेनं आपला अभ्यास प्रसिद्ध केला आणि त्या समजुतीला मोठा धक्का दिला. नजर वापरल्यानं खर्च होत नाही. उलट पद्धतशीर सराव दिला तर आहे त्याच नजरेत मूल जास्त कामं करू शकतं.

पुस्तक डोळ्याजवळ नेणं हा तर साधा विज्ञानाचा नियम आहे. अंतर निम्मं केलं की अक्षर डोळ्याला दुप्पट मोठं दिसतं. म्हणजे ते मूल वही नाकाशी नेतं तेव्हा ते फुकटात भिंगाचं काम करून घेत असतं. आपण ‘सरळ बस’ म्हणून त्याचं ते भिंगच काढून घेतो.

देवनागरीची गोम

इंग्रजीपेक्षा मराठी वाचताना या मुलांची एक वेगळीच पंचाईत होते. आपली लिपी तीन मजली आहे. मधल्या मजल्यावर अक्षर, वर मात्रा, वेलांटी, रफार, अनुस्वार, खाली उकार. अर्थ बदलायला एक टिंब पुरतं. ‘चिंता’ आणि ‘चिता’मध्ये फरक किती? एका ठिपक्याचा! ‘रंग’चा ‘रग’ होतो. ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’, ‘ष’ आणि ‘प’ यांत फरक एवढ्याशा रेघेचा. गणितात दशांश चिन्ह दिसलं नाही की ३.५ चे ३५ होतात, आणि घातांक तर जवळपास गायबच.

म्हणून या मुलाचं शुद्धलेखन कच्चं असेल, उत्तर दहापट चुकलं असेल, तर ‘ढ’ म्हणण्याआधी एकदा विचारा, ‘तुला इथं काय दिसतंय, ते वाचून दाखव बरं.’ अनेकदा चूक डोक्यात नसते, कागदावर असते.

वर्गात काय बदलायचं?

सगळ्यात आधी, बसायची जागा. ‘पहिल्या बाकावर बसवलं’ एवढ्यानं काम संपत नाही. खिडकीतून येणारं ऊन फळ्यावर पडून चमक येत असेल तर पहिला बाकही कुचकामी. मुलालाच विचारायचं, कुठून बरं दिसतं? कुणाला मधोमध, कुणाला डावीकडून. काही मुलं मान तिरकी करून बघतात, कारण त्यांच्या नजरेचा चांगला भाग कडेला असतो, किंवा त्या कोनात डोळ्यांची थरथर कमी होते. ती मान सरळ करायला लावू नका. आणि फळ्यापाशी उठून जाऊन वाचायची मुभा हवी, दरवेळी हात वर न करता.

दुसरं, सरांनी किंवा मॅडमनी लिहिताना तोंडानं बोलायचं. ‘हे इकडं आणलं, ते तिकडं नेलं’ असं नाही. ‘पाच एक्स डाव्या बाजूला आणला, चिन्ह बदललं’ असं. याचा फायदा पूर्ण वर्गाला होतो.

तिसरं, रंग. काळ्या फळ्यावर पांढरा किंवा पिवळा खडू दिसतो. लाल, निळा खडू बुडतो. आठवड्यातून एकदा फळा ओल्या फडक्यानं पुसला तरी अर्धी लढाई जिंकली. फिक्या झेरॉक्सवरची प्रश्नपत्रिका या मुलांसाठी शिक्षाच आहे. तीच प्रश्नपत्रिका १८ किंवा २० च्या टाइपात, ठळक, साध्या फाँटमध्ये छापून दिली की झालं.

आणि मैदान? त्याला स्कोअरर करून बसवून ठेवू नका. २३ नोव्हेंबर २०२५ ला कोलंबोत भारताच्या मुलींनी अंधांच्या पहिल्या महिला टी-ट्वेंटी विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात नेपाळला सात गडी राखून हरवलं. उपकर्णधार होती महाराष्ट्राची गंगा कदम. या क्रिकेटमध्ये खेळाडूंचे तीन गट असतात. बी-वन म्हणजे पूर्ण अंध, बी-टू आणि बी-थ्री म्हणजे अंशतः दिसणारे. म्हणजे आपण ज्यांच्याबद्दल बोलतोय, त्या अल्पदृष्टीच्या खेळाडूंशिवाय संघच पूर्ण होत नाही. चेंडू प्लॅस्टिकचा, आत छर्रे, टप्पे घेत खुळखुळत येणारा. आपल्या पटांगणात असा एक चेंडू आणून तर बघा. नाहीतर निदान मळकट चेंडूऐवजी भडक पिवळा तरी घ्या.

घरातली दहा-वीस रुपयांची साधनं

आता तुमच्या हातचं काम. धाकटा भाऊ, चुलत बहीण, शेजारचं पोर, कुणीही असेल, त्याच्यासाठी एका रविवारात एवढं करता येतं.

वाचायचा स्टँड. अल्पदृष्टीची मुलं पुस्तकावर वाकून वाकून पाठ, मान आखडून घेतात. पुस्तक डोळ्यांकडं आणायचं, डोळे पुस्तकाकडं न्यायचे नाहीत. त्यासाठी दुकानात जायची गरज नाही. माउलींची पालखी जिथं मुक्कामाला असते त्या नातेपुत्यात, ज्ञानेश्वरी किंवा पोथी ठेवायचा घडीचा लाकडी स्टँड बऱ्याच घरांत सापडेल. टेबलावर ठेवला की तोच अभ्यासाचा स्टँड.

काळी पट्टी. काळा जाड कागद घ्या. त्यात एक ओळ मावेल एवढी आडवी खाच कापा. पानावर ठेवली की एकच ओळ दिसते, आजूबाजूच्या पांढऱ्या कागदाची चमक झाकली जाते, ओळ चुकत नाही. मिळून खर्च दहा रुपये.

ठळक रेघांची वही. साध्या वहीच्या फिक्या निळ्या रेघा या मुलांना दिसतच नाहीत. कोऱ्या पानांवर काळ्या स्केचपेननं, अंतर सोडून रेघा मारून द्या. लिहायला जाड टोकाचा काळा पेन. पेन्सिल हवी असेल तर चित्रकलेची सिक्स-बी.

उजेड. दिवा डोक्यावर नको, समोरून तर नकोच. जो हात लिहीत नाही त्या बाजूनं, खांद्यामागून प्रकाश वहीवर पडायला हवा. बाहेर जाताना पुढं छज्जा असलेली टोपी. माळशिरस तालुक्यातलं ऊन तुम्हाला सांगायला नको.

रंगांचा विरोध. स्टीलच्या वाटीतलं दही, पांढऱ्या ताटलीतला भात दिसत नाही. ताटली गडद रंगाची घ्या. उंबऱ्याला आणि पायरीच्या कडेला पिवळ्या ऑइलपेंटचा पट्टा मारा. आजोबांनाही उपयोग होईल. दार एकतर पूर्ण उघडं ठेवा, नाहीतर पूर्ण बंद. अर्धवट उघड्या दाराची कड कपाळावर बसते. आणि वस्तूंच्या जागा न सांगता बदलू नका.

मोबाइल. ज्याला आपण पोरांचा शत्रू म्हणतो, तो इथं मित्र आहे. फळ्याचा फोटो काढून बोटांनी मोठा करता येतो. बालभारतीची पाठ्यपुस्तकं ई-बालभारतीच्या संकेतस्थळावरून पीडीएफमध्ये मोफत उतरवता येतात. ती स्क्रीनवर हवी तेवढी मोठी होतात, रंग उलटे करून काळ्यावर पांढरी अक्षरंही करता येतात. अँड्रॉइडच्या सेटिंगमध्ये ‘ॲक्सेसिबिलिटी’त जा. तिथं स्क्रीन मोठी करायची सोय आहे, वाचून दाखवणारा टॉकबॅक आहे, आणि तो मराठीतही बोलतो. कॉम्प्युटरवर एनव्हीडीए नावाचं मोफत सॉफ्टवेअर तेच काम करतं. छापील वाचता न येणाऱ्यांसाठी २०१६ पासून ‘सुगम्य पुस्तकालय’ हे ऑनलाइन ग्रंथालय चालू आहे. आईवडिलांना हे जमेलच असं नाही. तुम्हाला पाच मिनिटांत जमेल.

भिंग, छोटी दुर्बीण, खास रंगीत काचा मात्र स्वतःच्या मनानं घेऊ नका. कोणती शक्ती हवी, हे डोळ्यांचे डॉक्टर किंवा अल्पदृष्टी केंद्रच ठरवतं. मोठ्या नेत्ररुग्णालयांत अशी केंद्रं असतात. चौकशी करताना ‘लो व्हिजन क्लिनिक आहे का?’ असंच विचारा.

कागदपत्रांची लढाई

इथं कॉलेजच्या पोरापोरींची खरी गरज लागते. कारण हक्क आहेत, पण अर्ज भरता येत नाही म्हणून ते तसेच राहतात.

पहिली पायरी, तपासणी. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं २०१३ पासून शाळांमध्ये वर्षातून एकदा आणि अंगणवाड्यांत दोनदा येतात. त्यांना मुलाचा नजरेचा त्रास आवर्जून सांगायला हवा. त्या दिवशी मूल गैरहजर असेल तर वर्ष वाया.

दुसरी पायरी, यूडीआयडी कार्ड. अर्ज ऑनलाइन, तपासणी सरकारी रुग्णालयात. नातेपुत्याहून सोलापूर शंभर किलोमीटरहून लांब. एका खेपेला आईवडिलांची दिवसाची मजुरी बुडते. म्हणून जायच्या आधी तपासणीचा दिवस, जुने कागद, आधार, फोटो हे सगळं बघून पाठवा. तुमचं अर्ध्या तासाचं काम त्यांची एक खेप वाचवतं.

कार्डावर अपंगत्व ४० टक्के किंवा जास्त असेल तर कायद्याचे बरेच फायदे मिळतात. सहा ते अठरा वयापर्यंत जवळच्या शाळेत किंवा आवडीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षण, पुस्तकं आणि साधनं, पुढं उच्च शिक्षणात ५ टक्के राखीव जागा, सरकारी नोकरीत अंध आणि अल्पदृष्टी मिळून १ टक्का. एसटीच्या भाड्यात ७५ टक्के सवलत. पण एका डोळ्यानं चांगलं दिसतं आणि दुसरा पूर्ण गेलाय, अशांना ३० टक्केच मिळतात. ती मुलं फायद्यांबाहेर राहतात. म्हणून एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा, पहिला बाक, मोठं अक्षर आणि समजून घेणं, याला कुठलंही प्रमाणपत्र लागत नाही.

तिसरी पायरी, शाळा. २०१८ पासूनच्या समग्र शिक्षा योजनेत मोठ्या अक्षरांची पुस्तकं, विशेष शिक्षकांची मदत अशा सोयी आहेत. त्या आपोआप घरी येत नाहीत. मुख्याध्यापकांकडून गटसाधन केंद्राकडं मुलाचं नाव जावं लागतं. ‘नाव गेलं का?’ हे विचारायला लाजू नका.

चौथी पायरी, परीक्षा. बोर्डाच्या परीक्षेत पात्र विद्यार्थ्याला तासाला वीस मिनिटं जादा वेळ मिळतो, म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास. लागलं तर लेखनिक मिळतो. अर्ज शाळेमार्फत, आपल्या जिल्ह्यासाठी पुण्याच्या विभागीय मंडळाकडं, परीक्षेच्या बऱ्याच आधी. फेब्रुवारीत धावपळ करून उपयोग नाही. दहावीच्या मुलाला लेखनिक खालच्या इयत्तेतला लागतो, म्हणजे तुम्ही स्वतः बसू शकणार नाही. पण चांगल्या अक्षराची आठवी-नववीची पोरं शोधणं, त्यांची आणि त्या मुलाची आधी दोन-तीन वेळा सरावाची बैठक घालून देणं, हे तुमचं काम. सांगायची आणि लिहायची जोडी जमायला वेळ लागतो. पेपरच्या दिवशी पहिल्यांदा भेटलेली जोडी मार्क घालवते.

विचारायचं, मग करायचं

एक सांभाळा. मदतीच्या नादात त्याचं सगळं तुम्हीच करू नका. हात धरून ओढायचं नाही, आपला कोपर पुढं करायचा, त्याला हवा असेल तर तो धरेल. ‘अरेरे, बिचारा’ हे शब्द तोंडातून काढून टाका. आणि ‘मला ओळखलंस का? सांग कोण!’ हा खेळ तर अजिबात नको. जवळ जाताना सरळ आपलं नाव सांगायचं. लांबून हात हलवलात आणि त्यानं बघितलं नाही, तर तो आखडू नाही. त्याला तुम्ही दिसलाच नाहीत.

शिकणाऱ्या मुलांची नजर अधू असते, बुद्धी नाही. पण दहा वर्षं ‘ढ’ म्हणून ऐकलं की मूल तेच खरं धरून चालतं. नुकसान होतं ते तिथं.

हे दिसलं तर थांबू नका

• बाहुलीत पांढरट झाक, किंवा फ्लॅश मारून काढलेल्या फोटोत एका डोळ्यात पांढरी चमक: त्याच आठवड्यात डोळ्यांच्या डॉक्टरकडं. लहान बाळ असेल तर अजिबात उशीर नको.
• डोळे सतत थरथरणं, तिरळेपणा.
• दिवेलागणीनंतर ठेचकाळणं, वस्तू चाचपडणं.
• वाचताना ओळ सुटणं, एक डोळा मिटून बघणं, डोकं दुखतंय अशी रोजची तक्रार.
• उजेडात डोळे घट्ट मिटून घेणं.

एनएसएसचं शिबिर जवळ येतंय? दरवर्षीच्या खड्डे-झाडांच्या जोडीला यंदा एक काम लिहून घ्या. गावातल्या एका शाळेत जा, सरांच्या परवानगीनं एका वर्गातले बाक, फळा आणि उजेड बघा, शेवटच्या बाकावरून फळ्यावरचं काय दिसतं ते प्रत्येक मुलाला विचारा. दहा काळ्या पट्ट्या कापून सोबत न्या. एक तरी कामाला येईल.